भुरकुंडीचं सातवं कलम

भुरकुंडीच्या पत्रू कोवेला माळझरीच्या निस्तार कचेरीत नोकरी लागली ती एका चुकीच्या शब्दामुळे.

साल बावन्न. मालगुजारी जाऊन वर्ष झालं होतं. मालगुजारांची जंगलं सरकारजमा झाली होती आणि गावांनी त्या जंगलातून पिढ्यान्‌पिढ्या जे घेतलं, म्हणजे जळतण, चराई, कुंपणाचे काटे, मोहफुलं, बोडी म्हणतात त्या तळ्याचं पाणी, त्याची गाववार लेखी यादी करायचं काम चाललं होतं. त्या यादीला निस्तार पत्रक म्हणत. पत्रकात लिहिलं असेल ते गावाला मिळणार, नसेल ते नाही. माळझरीच्या कचेरीकडे अशी त्रेसष्ट गावं होती, आणि तिथले बडे बाबू गुणवंतराव यांना एक नक्कलनवीस हवा होता.

नऊ उमेदवार आले. गुणवंतरावांनी प्रत्येकापुढे एकच पान ठेवलं आणि त्याची नक्कल करायला सांगितली. त्या पानात त्यांनी मुद्दाम एका ठिकाणी ‘महसूल’ऐवजी ‘मसहूल’ लिहून ठेवलं होतं. आठ जणांनी तो शब्द दुरुस्त केला. त्यांतले तिघे मॅट्रिकपर्यंत गेलेले. पत्रू चौथी पास होता. त्यानं ‘मसहूल’ लिहिलं.

“हा शब्द चूक आहे, तुले कळलं नाई?” गुणवंतरावांनी विचारलं.

“कळलं, बाबूजी.”

“मंग सुधारला काऊन नाई?”

“तुमी नक्कल कराले सांगतलं. सुधाराले नाई सांगतलं.”

गुणवंतरावांनी बाकीची आठ पानं फाडून टोपलीत टाकली.

पत्रू तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी. भुरकुंडी माळझरीपासून नऊ मैल आत, जंगलात. घरात बायको नीलाबाई आणि म्हातारी आई. धानाच्या दोन बांध्या, म्हणजे लहान खाचरं, बाकी सगळं जंगलावर. लहानपणी मामाकडे राहून तो माळझरीच्या शाळेत चार इयत्ता शिकला आणि मास्तरांनी त्याच्या अक्षराचं कौतुक केलं, एवढीच त्याची कमाई. भुरकुंडीत त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणालाच वाचता येत नव्हतं. नोकरी लागल्यावर तो आठवडाभर माळझरीत राही आणि रविवारी चालत घरी जाई.

गुणवंतराव मूळचे वरोऱ्याकडचे, सरकारी नोकरीत केस पिकलेले. तरुणपणी दुसऱ्या एका कचेरीत असताना त्यांनी दप्तरखाना जळताना पाहिला होता. त्या कागदांवर ज्यांची वहिवाट होती ते लोक पुढे बारा वर्षं साक्षीदार आणत राहिले आणि साक्षीदार एकेक करून मरत गेले. तेव्हापासून त्यांचा एक हट्ट होता. प्रत्येक पत्रकाची जुळी प्रत असली पाहिजे, आणि ती मुळाबरोबर एका छपराखाली राहता कामा नये. वरून असा काही हुकूम नव्हता. कोणी मनाही केली नव्हती, म्हणून त्यांनी ते सुरू केलं.

त्यांची काम सांगायची रीत ठरलेली होती. खुर्चीवरून ते एकेक शब्द टाकत. “उतार” म्हणजे नक्कल कर. “मिळव” म्हणजे मुळाशी ताडून पाहा. “बांध” म्हणजे बस्त्यात बांधून वर नंबर घाल. “धाड” म्हणजे पाठव. “उतार, मुळापासून” म्हटलं की अख्खं पत्रक पहिल्या ओळीपासून लिहायचं. “उतार, नवं तेवढं” म्हटलं की मागच्या शनिवारनंतर जो बदल झाला असेल तेवढाच एका चिठ्ठीवर उतरवायचा. चिठ्ठीवर तिचा नंबर आणि आधीच्या चिठ्ठीचाही नंबर, म्हणजे मधली एखादी हरवली तर लगेच दिसावं. शब्द इकडचा तिकडे झाला तर काम वेगळं व्हायचं. एकदा पत्रूनं “नवं तेवढं” नीट ऐकलं नाही आणि एका गावाचं आख्खं पत्रक तीन दिवस बसून लिहून काढलं. गुणवंतराव रागावले नाहीत. म्हणाले, “मी सांगतलं ते आईक. मले का पायजे असंन त्याचा अंदाज नोको लावू.”

मिळवणीच्या वेळी पत्रू नक्कल मोठ्यानं वाचे आणि गुणवंतराव मुळावर बोट ठेवून ऐकत. बरोबर असेल तर ते काही बोलत नसत. चुकलं तर फक्त ओळीचा नंबर सांगत. पहिल्या महिन्यात त्यांच्या गप्प बसण्याची पत्रूला धास्ती वाटायची. मग ती शांतताच त्याला आवडू लागली. पाच-पाच पानं एकही नंबर न येता जायची.

त्रेसष्ट गावांची पहिली पूर्ण नक्कल व्हायला चौदा महिने लागले. ती नदीपलीकडच्या सावरीच्या लाकूडडेपोत, दगडी कोठीत ठेवायची ठरली. माळझरीपासून अकरा मैल. डेपोचा चौकीदार बिरजू नावाचा मध्यम वयाचा माणूस होता. त्यानं एक लोखंडी पेटी चार दगडांवर ठेवली, प्रत्येक दगड डांबर भरलेल्या परळात उभा केला आणि पेटीत कडुलिंबाचा पाला टाकला. दर शनिवारी सकाळच्या सर्विस मोटारीनं पत्रू बस्ता घेऊन जाई, बिरजूसमोर पेटीत ठेवी आणि परत येई.

सातव्या कलमाची गोष्ट त्रेपन्नच्या डिसेंबरातली. एके दिवशी भुरकुंडीचं पत्रक उतरवायची पाळी आली. स्वतःच्या गावाचं म्हणून पत्रूनं टाकाचं टोक बदललं. पहिलं कलम जळतणाचं, दुसरं चराईचं, असं करत तो सहाव्यापर्यंत आला. सहावं बोडीतल्या मासळीचं होतं. त्याच्या खालच्या ओळीवर आकडा होता आठ.

त्यानं पान उलटून पाहिलं, मागचं पाहिलं. सात नव्हतं. यादीसाठी साहेब गावात चौकशीला आले त्या दिवशी तो स्वतः हजर होता. नाल्यापलीकडच्या मोहराईतली फुलं वेचायचा हक्क गावचा गायता, म्हणजे पुजारी आणि मुखिया, लालसू यानं उभं राहून सांगितला होता आणि साहेबांनी कच्च्या कागदावर लिहूनही घेतला होता. पक्क्या पत्रकात उतरवताना कोणीतरी कच्च्या कागदाची दोन पानं एकदम उलटली असावीत. कच्चे कागद तर केव्हाच निकाली निघाले होते.

तो उठून गुणवंतरावांकडे गेला.

गुणवंतरावांनी पान डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ पाहिलं.

“मुळात नाई,” ते म्हणाले.

“हो. पण गावानं सांगतलं होतं, बाबूजी. मी होतो तेथी.”

“तू असशीन. मुळात नाई.” त्यांनी पान परत दिलं. “सहा लिही, त्याच्याखाली आठ लिही. समासात काही लिहू नोको. हे चुकलं असं सायबाले मी वेगळ्या कागदावर लिहून कळवतो.”

त्यांनी त्याच दिवशी तसं पत्र लिहिलं, जावक वहीत त्याचा नंबर टाकला आणि पत्राची नक्कल पत्रूकडून करवून तीही बस्त्यात बांधायला दिली. साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांचीही झाली. उत्तर आलं नाही. भुरकुंडीचे लोक पूर्वीसारखेच चैत्रात नाल्यापलीकडे जाऊन मोहफुलं वेचत होते, त्यांना कोणी अडवत नव्हतं. पत्रूनं गावात काही सांगितलं नाही. पत्र गेलंय, उत्तर येईल, मग सांगू, असं त्यानं ठरवलं. मग ते मागे पडलं.

पंचावन्नच्या मार्चमध्ये गुणवंतराव सेवानिवृत्त होऊन चांद्याला मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या जागी आलेल्या बाबूंना जुळी प्रत म्हणजे खूळ वाटलं. “असल्या नकला करून राह्यला, काम नाई का तुले?” असं त्यांनी एकदा विचारलं. पत्रू म्हणाला, “आहे.” आणि रोजच्या नोंदींच्या चालू वहीतले आठवड्याचे बदल चिठ्ठीवर उतरवून शनिवारची मोटार धरत राहिला. बाबूंनी पुढे विचारायचं सोडून दिलं.

मूळ पत्रकं भिंतीतल्या सागवानी कपाटात होती. गुणवंतराव असताना दर महिन्याला ती बाहेर काढून झटकली जात. ते गेल्यावर कपाट उघडायचं कारणच पडलं नाही, कारण रोजचं काम चालू वहीवर भागत होतं.

छप्पन्नच्या ऑक्टोबरात वरून आदेश आला. नोव्हेंबरपासून चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात जाणार होता आणि प्रत्येक कचेरीनं आपल्या दप्तराची मोजणी करून यादी पाठवायची होती. बाबूंनी कपाट उघडवलं. बस्ते ओळीनं रचलेले होते, लाल कापड जसंच्या तसं. पत्रूनं पहिला उचलला तर तो हाताला हलका लागला. गाठ सोडली. वरचं पान आणि खालचं पान होतं, मधे मऊ, ओलसर माती होती. दुसरा बस्ता तसाच. तिसरा. भिंतीच्या आतून उधई, म्हणजे वाळवी, आली होती आणि कापडाला न शिवता तिनं कागद खाल्ला होता. त्रेसष्टपैकी सात गावांची पत्रकं वाचता येतील अशी उरली. त्या सातांत भुरकुंडी नव्हती.

बाबू जमिनीवर बसले. त्यांना चार मुली होत्या आणि नोकरीची अजून नऊ वर्षं बाकी होती. पत्रूनं त्यांना पाणी आणून दिलं आणि सावरीला काय आहे ते सांगितलं. बाबूंना ते आधी खरं वाटलं नाही. दुपारच्या मोटारीनं दोघं डेपोत गेले. बिरजूनं पेटी उघडली. पाल्याचा चुरा झटकून बस्ते बाहेर काढले तेव्हा बाबूंनी एका पानावर हात फिरवून पाहिला.

“सगळं आहे?”

“मागच्या शनवारपर्यंतचं,” पत्रू म्हणाला.

चांद्याहून लेखी आदेश आला की सावरीच्या प्रतीवरून पत्रकं नव्यानं लिहावीत, पटवाऱ्याला समोर बसवून मिळवणी करावी आणि साहेबांच्या सही-शिक्क्यानंतर तेच मूळ समजावं. काम पत्रूकडे आलं. दर गावाचं आधी पूर्ण पत्रक घ्यायचं, मग एकशे अठरा चिठ्ठ्यांपैकी त्या गावाच्या ज्या असतील त्या नंबरानं, एकामागून एक त्यात उतरवायच्या. क्रम चुकला तर दुरुस्तीची दुरुस्ती आधी आणि दुरुस्ती नंतर, असा गोंधळ व्हायचा. एकाही चिठ्ठीचा नंबर तुटलेला नव्हता. डिसेंबर संपेपर्यंत एकोणीस गावं झाली. भुरकुंडी यादीत तेहतिसावी होती.

सत्तावन्नच्या जानेवारीत एका सकाळी लालसू गायता कचेरीच्या ओसरीवर येऊन बसला. बरोबर गावातली चार माणसं होती. लालसू साठीच्या पुढचा, पण नऊ मैल चालून आल्याचा शीण त्याच्या तोंडावर नव्हता. बोलणं गोंडीत झालं.

“पत्रू, नाल्यापलीकडं जंगलखात्याचा नाकेदार आला होता. मोहाच्या झाडांवर खुणेचा हातोडा मारून गेला. कटाई होणार म्हणतो. मी म्हटलं, आमचा हक्क आहे. तो म्हणाला, कागद दाखवा.” लालसू थांबला. “कागद तुझ्याजवळ आहे म्हणतात. वाच.”

पत्रूनं आतून सावरीहून आणलेली प्रत आणली आणि वाचली. जळतण, चराई, काटे, बांबू, पाणी, मासळी. मग आठवं, स्मशानाच्या लाकडाचं.

“सहाच्या नंतर आठ?” लालसूनं विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं.

“सात सुटलं. लिहिणाऱ्याच्या हातून.”

“तुला कधी कळलं?”

“तीन वर्षं झाली.”

चौघांपैकी एक जण उठून ओसरीवरून खाली उतरला आणि पाठ करून उभा राहिला. लालसू जागचा हलला नाही.

“आम्हांला सांगितलं नाहीस.”

“साहेबाला लिहिलं होतं. उत्तर येईल वाटलं.”

“बरं,” लालसू म्हणाला. “झालं ते झालं. मूळ तर उधईनं खाल्लं म्हणतात. आता तू लिहिशील तेच मूळ. मधे सात लिही. खोटं लिही म्हणत नाही मी. मी बोललो होतो, तू ऐकलं होतंस.”

त्यात काहीच खोटं नव्हतं. पत्रूनं पत्रक गुंडाळलं आणि म्हणाला, “अजून आपल्या गावाची पाळी यायची आहे.” हे उत्तर नव्हतं, हे त्यालाही कळत होतं आणि लालसूलाही.

त्या रविवारी घरी नीलाबाईनं त्याच्यापुढं भात वाढला आणि बाजूला बसली. मोहराईत एकेका घराची झाडं ठरलेली असत. कोव्यांची चार होती. आषाढात धान संपलं की वाळवलेल्या मोहफुलांवरच घर चालायचं.

“अजी, बाया मले विचारते, तुमच्या मालकाचा हात कोनं धरला,” ती म्हणाली. “मी का सांगू?”

“कोनं नाई धरला.”

“मंग?”

तो जेवत राहिला. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण उरलेला दिवसभर ती त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात एक दिवसाची रजा काढून तो चांद्याला गेला. जटपुरा दरवाज्याच्या आत एका बोळात गुणवंतरावांच्या मुलाचं घर होतं. गुणवंतराव खाटेवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पत्रूनं नमस्कार केला तेव्हा त्यांनी आवाजावरून ओळखलं. सुनेनं, आशाबाईनं, चहा आणून ठेवला.

पत्रूनं सगळं सांगितलं. उधई, पेटी, नव्यानं लिहिणं. गुणवंतराव ऐकत राहिले, मिळवणीच्या वेळी ऐकत तसे. मग त्यानं लालसूचं सांगितलं.

“लिहून टाक,” गुणवंतराव म्हणाले.

पत्रूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“लिहून टाक सात. मी सांगून राह्यलो तुले. ते पत्र मी लिहिलं आणि वहीत नंबर टाकून मोकळा झालो. पुन्हा साधी आठवण नाई धाडली. दोन साहेब बदलले, मी दोघाइलेही तोंडानं सांगू शकत होतो. नाई सांगतलं. माह्या डोस्क्यात बसलं होतं, कागद गेला म्हणजे काम झालं. आता इथी बसल्या बसल्या तेच आठवते. लिही. कोणी विचारलं तं माहं नाव सांग.”

आतून नातवाचा पाठांतराचा आवाज येत होता. पत्रू चहाच्या कपाकडे पाहत होता.

“बाबूजी, पेटीत त्रेसष्ट गावं आहे,” तो शेवटी म्हणाला. “एक ओळ माह्या मनातून लिहिली, तं बाकीच्या ओळी मुळातल्या आहे असं मी कोनाले कसं सांगू? उद्या कोनी म्हनन, पत्रूनं आपल्या गावाचं घातलं, तं दुसऱ्या गावाचं गाळलंही असंन.”

“कोणाले कळणार आहे?”

“मले.”

गुणवंतरावांनी हात पुढे करून चाचपडत त्याच्या खांद्यावर ठेवला आणि विचारलं, जेवून जातोस का. पत्रू जेवून परतला.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात भुरकुंडीची पाळी आली. पटवारी समोर बसला होता. पत्रूनं सहा लिहिलं आणि त्याच्याखाली आठ लिहिलं. मिळवणीत पटवारी तिथं अडखळला, म्हणाला, “हे कसं?” पत्रू म्हणाला, “प्रतीत असंच आहे.” पान पुढे गेलं.

त्याच संध्याकाळी, कचेरी सुटायच्या आत, त्यानं स्वतःच्या कागदावर अर्ज लिहायला घेतला. आता तो नक्कलनवीस नव्हता, भुरकुंडीचा रहिवासी होता, म्हणून अर्जाची सुरुवात ‘आम्ही खाली अंगठा करणार’ अशी केली. चौकशीची तारीख, लालसूनं काय सांगितलं, पत्रकात सहानंतर आठ कसं आहे, आणि त्रेपन्नच्या डिसेंबरात जावक कितव्या नंबरानं हे साहेबांना कळवलं होतं, ते सगळं. त्या पत्राची नक्कल जोडली. असं सरळ वाक्य मनानं रचून लिहायची त्याला सवय नव्हती. चार वेळा खाडाखोड झाली.

रविवारी तो अर्ज घेऊन गावात गेला आणि गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरासमोर, लोकांना वाचून दाखवला. कोणी पुढे आलं नाही. लिहायचं होतं तिथं यानं लिहिलं नाही आणि आता कागद घेऊन फिरतोय, असं बहुतेकांच्या मनात होतं. लालसू उठला आणि अंगठा न देता घरी गेला. तेव्हा नीलाबाई पुढे आली. नवऱ्याशी तिचा अबोला सुटलेला नव्हता. शाईच्या गादीवर तिनं अंगठा दाबला, कागदावर उमटवला आणि मागे वळून बायांना म्हणाली, “या न वो. का पाहून राह्यल्या?” दिवस मावळेपर्यंत एक्कावन्न अंगठे झाले.

या वेळी पत्रूनं अर्ज टपालात टाकला नाही. चांद्याला जाऊन हातानं दिला, पोच घेतली, आणि दर पंधरवड्याला जाऊन उभा राहू लागला. तिथले बाबू त्याला पाहिलं की मान हलवत. मधल्या काळात मोहराईच्या नाल्याकडच्या अंगाची कटाई सुरू झाली. ठेक्याचं काम होतं, अर्ज पडला म्हणून थांबणारं नव्हतं. कुऱ्हाडींचा आवाज गावात येत होता. त्या दिवसांत पत्रू रविवारी घरी गेला तर वाटेत भेटणारी माणसं तोंड फिरवत.

एप्रिलमध्ये, फुलं पडत असतानाच, चौकशीला एक तरुण साहेब आले. पुण्याकडचे होते, त्यांचं मराठी गावातल्या लोकांना जड जात होतं. झाडाखाली टेबल मांडून त्यांनी नवं पत्रक, सावरीची प्रत आणि त्रेपन्नच्या पत्राची नक्कल शेजारी शेजारी ठेवली.

“ही तिन्ही अक्षरं तुमचीच?”

“हो, साहेब.”

“आणि तुम्ही याच गावचे?”

“हो.”

“मूळ नष्ट झालेलं. प्रत तुमच्या हाती. हे सातवं कलम तुम्ही सहज घालू शकला असता.”

साहेबांनी आठच्या आकड्यावर बोट ठेवलं, मग पत्राच्या तारखेवर. “तुम्ही ते घातलं असतं,” ते म्हणाले, “तर या प्रतीवरून लिहिलेली सगळीच्या सगळी पत्रकं मी आज रद्द धरली असती. मला तसं सांगूनच पाठवलं होतं.” मग उठून ते मोहराई पाहायला गेले. लालसूनं त्यांना वाट दाखवली, एकेक झाड कोणत्या घराचं ते सांगितलं. पत्रूला दुभाषा म्हणून मागून चालावं लागलं. लालसूचा शब्द न् शब्द त्यानं मराठीत सांगितला. लालसूनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

निकाल डिसेंबरात आला. भुरकुंडीच्या पत्रकात सातवं कलम दुरुस्ती म्हणून, तारीख घालून, साहेबांच्या अक्षरात लिहिलं गेलं. तोवर मोहराईतली सव्वादोनशेपैकी शंभरावर झाडं पडली होती. कोव्यांच्या चारांतली दोन उरली. गावानं बसून उरलेल्या झाडांची नव्यानं वाटणी केली, कारण काही घरांचं एकही उभं नव्हतं. त्या वाटणीत नीलाबाईनं एक झाड सोडलं. कोणाला, ते तिनं पत्रूला सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

त्यानंतर लोक त्याच्याशी बोलू लागले. कोणी माफी मागितली नाही, कोणी आभार मानले नाहीत. नुसतं वाटेत थांबून पाऊसपाण्याचं विचारू लागले. लालसू मात्र शेवटपर्यंत बोलला नाही. अठ्ठावन्नच्या थंडीत तो वारला तेव्हा पत्रू माळझरीहून आला आणि त्यानं खांदा दिला. पुढे कधी कोणी त्याला विचारलं की तुमचं चुकलं की गावाचं, तर तो म्हणे, “माहं तीन वर्षं चुकलं. त्याच्या पुढचं नाई.”

एकोणसाठ साली राजुरा तालुका चांदा जिल्ह्याला जोडला गेला. तिथलं जुनं दप्तर निजामाच्या काळचं, उर्दूतलं. त्याच्या नकला करायला कोणी तयार होईना. पत्रूची बदली तिकडे झाली. तिथल्या बाबूंनी सुचवलं की अक्षरं चित्रासारखी उतरवत जा, वाचायची गरज काय? पत्रू म्हणाला, जे वाचता येत नाही ते मिळवणार कसं? मग तो रोज कचेरी सुटल्यावर गावातल्या एका म्हाताऱ्या मुनशींकडे बसू लागला. नीलाबाई या वेळी त्याच्याबरोबर राजुऱ्याला राहायला आली होती. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी नवरा पाटीवर अलिफ-बे गिरवताना पाहून तिला हसू यायचं.

आठ महिन्यांनी त्यानं पहिलं पान घेतलं. उजवीकडून डावीकडे लिहिताना मनगट ओल्या अक्षरांवरून जाई आणि तिसऱ्याच ओळीत शाई फासली गेली. पत्रूनं ते पान बाजूला ठेवलं, मनगटाखाली टीपकागद धरला आणि दुसरं पान घेऊन पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.